सीआरपी नॉर्मल आला, म्हणजे संधिवात गेला का?

परळचे केईएम असो वा गिरगावचे हरकिसनदास, ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या जुन्या रुग्णाची फाइल उघडली की दोन आकडे पुन्हा पुन्हा दिसतात : ईएसआर आणि सीआरपी. आकडा उतरला की घरच्यांना हायसे वाटते आणि कित्येकदा डॉक्टरांना न विचारताच गोळ्या बंद होतात. घोळ इथूनच सुरू होतो.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. दाह वाढला की इंटरल्यूकिन-६ हे रसायन यकृताला इशारा देते आणि यकृत सीआरपी हे प्रथिन रक्तात सोडते. १९३० मध्ये ते पहिल्यांदा सापडले न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. म्हणजे हे संधिवाताचे खास माप नाहीच. पावसाळ्यात लेप्टो झाला किंवा लघवीच्या मार्गात संसर्ग झाला, तरी ते वाढते.

ईएसआर त्याहून साधा. उभ्या नळीतल्या रक्तातील तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसल्या, एवढेच त्यात मोजतात. दाह असेल तर पेशी एकमेकींना चिकटून लवकर बसतात. पण रक्त कमी असेल तरीही लवकर बसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. हा संधिवातही महिलांनाच जास्त होतो. त्यामुळे हिमोग्लोबिन न पाहता ईएसआर वाचण्यात अर्थ नाही.

एककाचाही सापळा आहे. दादरच्या लॅबने सीआरपी १ लिहिला आणि लालबागच्या लॅबने १०, तर आजार दहापट वाढला असे नाही. एकीने मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर छापले असेल, दुसरीने प्रति लिटर. दोन्ही आकडे एकच!

आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी यांचे काम वेगळे. त्या निदानाच्या आणि पुढचा धोका ओळखण्याच्या तपासण्या आहेत. उपचार लागू पडतात की नाही हे पाहण्यासाठी दर तीन महिन्यांनी त्या करणे म्हणजे बहुतेक वेळा खर्चच.

मग आजार किती सक्रिय आहे, हे ठरते कसे? डॉक्टर २८ सांधे दाबून पाहतात, सुजलेले आणि दुखणारे मोजतात, रुग्णाला स्वतःला कसे वाटते ते विचारतात आणि त्यात ईएसआर किंवा सीआरपी मिळवतात. या 'डास-२८' गुणांकात २.६ पेक्षा कमी म्हणजे आजार शांत, ५.१ च्या वर म्हणजे जोरात. गंमत म्हणजे या २८ मध्ये घोटे आणि पायाची बोटे नाहीत. चाळीचे जिने उतरताना जिथे कळ येते, नेमके तेच सांधे! तेव्हा ते दुखणे रुग्णाने स्वतःहून सांगितलेले बरे.

काही रुग्णांचे सांधे सुजलेले असतात, तरी सीआरपी नॉर्मल येतो. टोसिलिझुमॅबसारखे इंजेक्शन तर इंटरल्यूकिन-६ चाच मार्ग अडवते. त्यामुळे सांध्यांत दाह असूनही आकडा खाली दिसू शकतो. अशा वेळी डॉक्टर सांध्याची सोनोग्राफीही करून घेतात.

याच चिठ्ठीवर लिहिलेल्या सीबीसी, एसजीपीटी आणि क्रिएटिनिन या तपासण्या मात्र मुख्यतः औषधासाठी असतात. मेथोट्रेक्सेटचा यकृतावर आणि रक्तपेशींवर परिणाम होऊ शकतो, म्हणून त्या टाळायच्या नाहीत. ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते.