आधी लेन्स सांगा

कागलच्या गैबी चौकाजवळ एका बोळात जुना फोटो स्टुडिओ आहे. मालकांना सगळे काका म्हणतात. माझा एक मित्र त्यांच्याकडे हातानं फोकस करायच्या कॅमेऱ्यासाठी फोकसिंग स्क्रीन, म्हणजे ज्यावर चित्र बघून फोकस जुळवतात तो पडदा, मागायला गेला, तर काकांनी आधी लेन्स दाखवा म्हणून सांगितलं. गिऱ्हाइकाला असं अडवणारा दुकानदार बघायला मी कोल्हापूरहून एसटीनं गेलो.

टेबलावर निकॉनचा एफएम-टू होता, 1982 सालचं मॉडेल. याचा स्क्रीन लेन्स काढल्यावर तोंडातून निघतो. काकांनी चिमट्यानं खिटी ओढली, चौकट खाली आली, स्क्रीन बाहेर. त्यावर फक्त ब्लोअरची फुंकर. कापड नाही, बोट तर नाहीच. चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी 1918 साली सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला तो याच जिल्ह्यात. इथं कॅमेरा उघडायला हात कापत नाहीत.

एफएम-टूसाठी स्क्रीनच्या तीन जाती. के-टूच्या मधोमध 3 मिलिमीटरचं स्प्लिट वर्तुळ, भोवती मायक्रोप्रिझमचं कडं. बी-टू नुसता मॅट. ई-टूवर आडव्या-उभ्या रेघा. मागणी के-टूला. तुटलेली रेघ जुळली की फोकस झाला, डोळ्यांना ताप नाही. मलाही तोच हवा होता.

"लेन्स कुठली?"

"झूम आहे."

"लांबच्या टोकाला किती उघडते?"

"पाच पॉइंट सहा."

"मग अर्धं वर्तुळ काळं बघत बसा की!"

लावून बघितलं. खरंच काळं. त्या वर्तुळात दोन पाचरी उलटसुलट बसवलेल्या असतात. एक लेन्सच्या एका कडेचा प्रकाश घेते, दुसरी समोरच्या कडेचा. लेन्सचं तोंड अरुंद असलं की कडेचा प्रकाश येतच नाही आणि डोळा जरा हलला की एक बाजू काळवंडते. पाच पॉइंट सहाला हे सुरू होतं.

काका स्वतः बी-टू वापरतात. त्यांची हयात लग्नांत आणि कुस्तीच्या मैदानांत गेली. "उसाच्या फडात स्प्लिट बेस, पानोपानी रेघ. पण पैलवानाच्या अंगावर एक सरळ रेघ दाखवा मला. कान दिसला पायजे, कान!" त्यांच्या मॅटवर मी भिंतीवरच्या फोटोतल्या पैलवानाचा फुटलेला कान धरला. धुरकट गोळ्यातून आधी पाळी, मग तिच्या घड्या वर आल्या. परतताना एसटीत तोच कान डोळ्यांपुढं होता.

ऑटोफोकस कॅमेऱ्यांतल्या लख्ख स्क्रीनवर माझा आता फारसा विश्वास नाही. एक पॉइंट चारची लेन्स लावली तरी तो साधारण दोन पॉइंट आठइतकीच खोली दाखवतो. म्हणजे जे धुरकट आहे तेही स्पष्ट भासवतो. कॅननच्या 5डी-साठी ईई-एस नावाचा बारीक मॅट निघाला होता. तो अंधारा, पण खरं बोलणारा. मात्र दोन पॉइंट आठ किंवा त्याहून उघड्या लेन्सलाच तो शोभतो, आणि बसवल्यावर मेन्यूत तशी नोंद केली नाही तर एक्स्पोजर चुकतं.

तेव्हा झूम पाच पॉइंट सहाची असेल तर स्प्लिटवर पैसे घालू नका, साधा मॅट घ्या. आरशापासून स्क्रीन आणि आरशापासून फिल्म ही अंतरं तंतोतंत सारखी लागतात. म्हणून नवा स्क्रीन बसवल्यावर फुटपट्टी तिरपी ठेवून, लेन्स पूर्ण उघडून दोन-चार फोटो काढा, आणि मगच लग्नाची सुपारी घ्या.