आग विझली, आता खरी परीक्षा!

जंगल पेटल्याचा व्हिडीओ आपण लगेच स्टेटसला टाकतो. चोवीस तासांत स्टेटस जातं, तिकडे आगही विझते. पण त्या आगीतून वाचलेल्या प्राण्यांचं पुढे काय होतं, कधी विचार केलाय?

ऑस्ट्रेलियातला २०१९-२० चा 'ब्लॅक समर' तुम्हाला आठवत असेल. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या अहवालानुसार या वणव्यांत जवळपास ३ अब्ज प्राणी मेले किंवा बेघर झाले. जे वाचले त्यांच्यापुढे पहिला प्रश्न होता पोटाचा. न्यू साउथ वेल्समध्ये रॉक वॉलबी, म्हणजे कांगारूची छोटी भावंडं, कड्याकपारींत लपून वाचली. पण आजूबाजूचं गवत राख झालं होतं. मग जानेवारी २०२० मध्ये सरकारने चक्क हेलिकॉप्टरमधून गाजरं आणि रताळी टाकली!

दुसरा प्रश्न लपायचं कुठे? कांगारू आयलंड या बेटाचा जवळपास अर्धा भाग जळाला. तिथला डनार्ट दिसतो उंदरासारखा, पण आहे कांगारूसारखा पिशवीवाला प्राणी. जगात तो फक्त याच बेटावर आहे. झुडपं जळाल्यावर तो मोकाट मांजरांच्या आयताच तावडीत सापडू लागला. म्हणून स्थानिक जमीनमालक आणि 'ऑस्ट्रेलियन वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हन्सी' यांनी न जळलेल्या तुकड्याभोवती मांजरांना ओलांडता येणार नाही असं कुंपण घातलं.

आणि झाडं? इथे गंमत आहे. निलगिरीच्या बऱ्याच जाती काळ्याठिक्कर पडल्या तरी सालीखालच्या कळ्यांमधून पुन्हा फुटतात. तिथे रोपं लावायची घाई नको. पण याच बेटावरचा ग्लॉसी ब्लॅक काकाकुवा शीओकच्या बियांवरच जगतो. शीओक म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या सुरूचा नातेवाईक. तो लावला तरी त्याला बिया धरायला काही वर्षं जातात. तोवर आगीतून वाचलेली शीओकची झाडं जपणं हाच उपाय.

म्हणजे बघा, एकाला खाऊ हवा, दुसऱ्याला कुंपण, तिसऱ्याला झाड आणि निलगिरीला थोडी शांतता! आपल्या सह्याद्रीतही उन्हाळ्यात वणवे लागतातच. त्यानंतर लगेच 'चला, झाडं लावूया' म्हणत ग्रुप बनवण्याआधी तिथल्या जाणकारांना एवढं नक्की विचारा : इथे वाचलंय कोण, आणि त्याला आत्ता काय हवंय?