पाण्याचा विषय कोण काढणार?

माझ्या आजोळी ग्रामसभा पारावर भरत असे. बायका देवळाच्या भिंतीआड उभ्या राहायच्या. रस्ता, कमान, समाजमंदिर यांवर तावातावाने वाद चालत. पाण्याचा विषय मात्र क्वचितच निघे. हंडा ज्यांच्या डोक्यावर होता, त्यांनी तिथे बोलण्याची रीतच नव्हती.

२४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायतींतल्या किमान एक तृतीयांश जागा आणि सरपंचपदे स्त्रियांसाठी राखीव झाली. "सही बाईची, कारभार नवऱ्याचा," असे तेव्हा अनेकांप्रमाणे मीही म्हणत होतो.

ही शंका तपासायची कशी? बाईला आपणहून निवडून देणारे गाव मुळातच पुढारलेले असू शकते. मग श्रेय कोणाला द्यायचे? आरक्षणाने ही अडचण सोडवली. कोणते पद राखीव, हे गावाच्या मर्जीवर नव्हते. ते पाळीपाळीने ठरत होते. त्यामुळे राखीव आणि खुल्या पंचायतींची सरळ तुलना करता आली. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी ती पश्चिम बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानातील उदयपूर या जिल्ह्यांत केली. २००४ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

दोन्हीकडे राखीव पंचायतींत पिण्याच्या पाण्याची कामे जास्त झाली होती. रस्त्यांची गोष्ट मात्र वेगळी. बंगालमध्ये बायकाही रस्त्यांची तक्रार करत होत्या. तिथे रस्त्यांची कामे वाढली. राजस्थानात रस्ता ही मुख्यतः पुरुषांची मागणी होती. तिथे ती कमी झाली. म्हणजे बाई चांगली आणि पुरुष वाईट, असा हा हिशेब नाही. ज्याला गरज, तोच विषय पुढे आणतो. या बायका कमी शिकलेल्या होत्या, अनेकींना नवऱ्याची मदत घ्यावी लागत होती. तरीही गावाचे प्राधान्य बदलले. माझी शंका अर्धीच खरी निघाली.

पण आरक्षण फिरते असल्याने पाच वर्षांनी खुर्ची जाऊ शकते. मग पाण्याचे काय? पश्चिम बंगालमधल्याच पुढच्या अभ्यासात असे दिसले, की दोन खेपा पद राखीव राहिले, तिथे नंतर खुल्या जागांवरही स्त्रिया अधिक निवडून आल्या. सवय लागायला वेळ द्यावा लागतो.

महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूदही आपल्या कायद्यात आहे. तुमच्या गावात ती खरोखर भरते, की नुसतीच वहीत? एकदा विचारून पाहा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)