शेततळ्यातला मासा आणि बर्फ

रोहू-कटला महिनोन्‌महिने पोसायचा आणि विक्रीच्या दिवशी उन्हात ठेवून भाव घालवायचा, हे मी अनेक तळ्यांवर पाहिले आहे. जाळ्यात फार वेळ तडफडलेला मासा लवकर ताठरतो आणि लवकर मऊही पडतो. प्रथम त्याच्याच अंगातले पाचक रस मांस सैल करतात. मागून जंतू वास आणतात. म्हणून पहाटेच जाळे ओढा, मासे स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच किलोला किलो बर्फाचा चुरा थराथराने घाला. पेटीला खाली भोक हवेच. वितळलेल्या पाण्यात मासा भिजत राहू नये. बर्फाने बिघाड लांबतो, थांबत नाही. व्यापारी पाठीवर बोट दाबून पाहतो. खड्डा भरून आला नाही, की भाव उतरवतो; आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.