मुसळाचा भार

उखळ, मुसळ, विळा आणि पाखडायची टोपली. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनाच्या जुन्या भातमळ्यांविषयी वाचताना मला सारे घरचेच सामान भेटत गेले. आपल्या कोकणातल्या एखाद्या आजीला तिथे उभे केले असते, तर कुठली वस्तू कशासाठी, हे तिला विचारावे लागले नसते.

इंग्रजांची ही वसाहत १६७० मध्ये वसली आणि ते शतक संपेपर्यंत तिथून तांदूळ बाहेर जाऊ लागला. मळे इंग्रजांचे, पण भात कसे पिकते हे त्यांना कुठले ठाऊक असणार? पश्चिम आफ्रिकेतले लोक ते शतकानुशतके पिकवीत आले होते, आणि त्यांच्यातलेच कितीतरी इथे गुलाम म्हणून आणले गेले. ही विद्या आफ्रिकेचीच, असे ज्युडिथ कार्नी यांनी २००१ मधल्या आपल्या पुस्तकात मांडले. त्यावर आक्षेपही आले. मला मात्र, निदान अवजारांपुरते तरी, त्यांचे म्हणणे पटते.

भरतीने मागे रेटलेले नदीचे गोडे पाणी शेतात घ्यायचे आणि ओहोटीला सोडून द्यायचे, यासाठी बांधात सायप्रसचा पोकळ ओंडका पुरून त्याला बूच मारीत. पुढे फळ्यांची पेटी आणि वरखाली होणारी दारे आली, तरी ‘ट्रंक’, म्हणजे ओंडका, हे नाव टिकले. गोव्याच्या खाजणातली मानस पाहिलेल्यांना हे वेगळे समजावायला नको.

कुदळणीचे काम माणशी, दिवसाला पाव एकर असे नेमून दिलेले असे. ते उरकले की उरलेला वेळ आपला. पण कापणी झाली की कांडण सुरू होई. आफ्रिकेत बाई घरच्या जेवणापुरते भात कांडी. इथे युरोपला जाणारी पिंपे भरायची होती! तेच मुसळ बायांबरोबर पुरुषांच्याही हाती आले. पहाटे शेतावर जाण्याआधी आणि पुन्हा रात्री. घाव जोरात बसला की कणी होई, आणि कणीला भाव नसे. थकल्या हातांनी हलका घाव घालायचा, ही त्यातली खरी शिक्षा.

१७८७ मध्ये जोनाथन लुकास याने सँटी नदीकाठी पाण्यावर चालणारी गिरणी उभारली आणि हळूहळू कांडण यंत्राकडे गेले. चिखलातले काम हातांकडेच राहिले. गुलामगिरी संपायला १८६५ उजाडले.

गवताची वेटोळी एकमेकांना शिवून केलेल्या टोपल्यांत तेव्हा भात पाखडीत. त्याच विणीच्या टोपल्या गल्ला समाजाच्या बाया चार्ल्सटनच्या बाजारात आजही विकतात.