हॅम्बुर्गची ‘क्नाइपे’ आणि पोलिसांची दप्तरे

जर्मन शहरांत वस्तीच्या कोपऱ्यावर आढळणाऱ्या ‘क्नाइपे’स मराठीत ‘गुत्ता’ म्हटले तर तिची प्रतिष्ठा जाते, आणि ‘खानावळ’ म्हटले तर बिअर निसटते. शेजाऱ्यांची ती बैठकच होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औद्योगिक शहरांतील कामगारांची बिऱ्हाडे इतकी कोंदट होती, की चार माणसांनी बोलत बसावे अशी जागा बहुधा तेथेच मिळे. नेहमीच्या मंडळींसाठी राखलेल्या मेजास ‘श्टामटिश’ म्हणत.

१८७८ ते १८९० या काळात समाजवाद्यांच्या संघटना व सभा कायद्याने निषिद्ध होत्या. साहजिकच या मेजांना राजकीय महत्त्व आले. चळवळीपायी काम गमावलेले काही कामगार स्वतःच क्नाइपे चालवू लागले. १९१९ मध्ये जर्मनीचे अध्यक्ष झालेले फ्रीडरिख एबर्ट यांनीही १८९४ पासून काही वर्षे ब्रेमेन येथे हाच व्यवसाय केला होता.

कायदा गेला, संशय मात्र गेला नाही. १८९२ ते १९१४ पर्यंत हॅम्बुर्गचे पोलीस साध्या वेषात कामगारांच्या क्नाइपेंत बसत आणि कानी पडलेली संभाषणे नोंदवून ठेवीत. असे सुमारे २०,००० अहवाल उपलब्ध असून त्यांतील निवडक अहवाल इतिहासकार रिचर्ड एव्हान्स यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. पक्षाच्या राजकारणाबरोबरच मजुरी, घरभाडे, महागाई, न्यायालये आणि खुद्द पोलीस यांचीही चर्चा त्यांत आढळते. नोंद करणारा शिपाई निःपक्ष साक्षीदार नव्हे, हे उघडच आहे. शिवाय स्त्रियांचे बोलणे त्याच्या कानी क्वचितच पडे.