पाडव्याच्या रात्रीचा प्रकाश

बेंगळूरच्या इंदिरानगरातील गच्चीवरून रात्री एखादा सरकता दिवा दिसला तर तेथील रहिवाशास नवल वाटत नाही. एचएएलचा जुना विमानतळ शेजारीच आहे. पण जेथे असे उत्तर हाताशी नसते, तेथे काय करावे?

२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडवा होता. त्या सायंकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ, उत्तर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचा काही भाग येथील लोकांना आकाशातून ठिणग्यांची एक लांब माळ जाताना दिसली. कुणी उल्का म्हटले, कुणाला विमान पेटल्याचा भास झाला. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी तर आकाशातून एक भले मोठे धातूचे कडे मोकळ्या जागेत येऊन आदळले. चार पावले इकडे पडते तर सणाच्या दिवशी काय प्रसंग ओढवला असता, याची कल्पनाच करवत नाही. सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही.

पाहणाऱ्यांच्या वर्णनात एक गोष्ट सारखी होती : प्रकाश संथ होता. साधी वाटणारी ही गोष्टच निर्णायक ठरते. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा क्षणार्धात विझते. पृथ्वीभोवती फिरणारी मानवनिर्मित वस्तू साधारण ८ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवी येते. म्हणून ती तुकडे होत होत बराच वेळ जळत राहते. मोबाइलवर टिपलेल्या चित्रफितींतून हाच क्रम दिसत होता. (अशा वेळी उत्साही पोरांना आपण उगीच रागावतो!)

पुढचे काम गणिताचे. कक्षेतील मोठ्या वस्तूंवर रडारची नजर असते व त्यांच्या कक्षा नोंदविलेल्या असतात. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी ती वेळ व तो मार्ग फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याशी जुळत असल्याचे सांगितले. सापडलेले अवशेष तपासण्याचे काम इस्रोच्या शास्त्रज्ञांकडे गेले. इंदिरानगरच्याच शहरात, पीण्या येथे, अशा वस्तूंवर लक्ष ठेवणारे इस्रोचे केंद्र १४ डिसेंबर २०२० पासून आहे.

अवकाशातून पडलेल्या वस्तूने नुकसान केल्यास प्रक्षेपण करणारे राष्ट्र भरपाईस बांधील असते. १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार तसे सांगतो. मात्र त्यासाठी ती वस्तू कोणाची हे आधी ठरावे लागते, आणि तेथे गावकऱ्याची साक्षही उपयोगी पडते.

तेव्हा असे काही दिसल्यास प्रथम घड्याळ पाहावे. कोणत्या दिशेकडून कोठे गेले, किती सेकंद दिसले, हे लिहून ठेवावे. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात सुमारे १० अंश व्यापते. त्या मापाने क्षितिजापासूनची उंची मोजता येते. खाली काही पडलेले आढळल्यास त्यास हात लावू नये, मुलांनाही लावू देऊ नये, कारण इंधनाचे विषारी अंश त्यावर असू शकतात. पोलिसांस मात्र त्वरित कळवावे.